पाणी पाजणं

माझ्या बापानं चाळीस वर्षं सशांना पाणी पाजलं.
म्हणजे पुरतं हरवलं.
ट्रॅक्टरला लोखंडी फाळ लावून बिळं फोडली,
विषात भिजवलेली गाजरं कुंपणाकडेनं ओळीनं टाकली,
संध्याकाळी बंदूक, सकाळी मोजदाद.
ओयेनच्या पबात अजून सांगतात,
क्लेम हॉकिंगच्या गव्हात ससा दिसला
तर तो रस्ता चुकलेला असणार.

आता त्याच्याच परसात, टाकीच्या सावलीला
एक पिंजरा आहे.
माझ्या लेकीनं, टेगननं आणलेला.
सशाचं नाव बिस्किट, रंगही तोच,
एक कान कायम खाली,
जणू कुणाचा तरी फोन संपतच नाहीये.
सुट्टीत ती ॲडलेडला गेली, तिच्या बाबाकडे,
आणि जाताना फ्रिजवर कागद चिकटवून गेली:

आजोबा, बाटली नको. तिची गोळी अडकते
आणि आपल्याला वाटतं, पाणी आहे की.
जड वाडगं ठेवा. दोन ठेवा, एक तो सांडतोच.
कोथिंबीर धुऊन तशीच ओली द्या, झटकू नका.
गवत कायम हवं.
जाळी फाटली तर लगेच शिवा, डास वाईट असतात.
लेंड्या बघा. वाटाण्याएवढ्या हव्यात.
बारीक झाल्या तर आईला सांगा,
आणि एकही नसली तर डॉक्टरांना, रात्र असली तरी.

बापानं चष्मा पुसून दोनदा वाचलं.
"लेंड्या," म्हणाला. "मला शिकवते."
लेंड्यांवरून बीळ हुडकण्यात
अख्ख्या मॅलीत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.
डास का वाईट, तेही त्याला ठाऊक होतं.
तिला कधी सांगितलं नाही.

जानेवारीचा दुसरा आठवडा. शेहेचाळीस अंश.
उत्तरेचा वारा भट्टीचं दार उघडल्यासारखा.
गुलाबी काकाकुवे गळक्या नळाखाली
चोची वासून ओळीत उभे.
बापानं दुधाच्या बाटल्या गोठवल्या,
आपल्या फुटबॉलच्या जुन्या मोज्यांत घातल्या
आणि पिंजऱ्यात आडव्या ठेवल्या.
बोटं भिजवून सशाचे कान ओले केले.
"याला घाम नाही," मला म्हणाला,
"सगळी आच कानांतून जाते.
उन्हाळ्यात सावलीला कान ताणून बसायचे.
नेम सोपा जायचा."
मग बराच वेळ दुसरं काही बोलला नाही.

रात्री दोनला नळाच्या आवाजानं मला जाग आली.
उलट्या बादलीवर बाप, हातात टॉर्च, उजेड जमिनीकडे.
दुपारपासून सशानं तोंड लावलेलं नव्हतं.
वाडगं तिसऱ्यांदा विसळलेलं.
आतून मला फोन ऐकू येत होता, मिल्ड्युराच्या दवाखान्याला:
"ससा. हो, ससा.
नाही, पाळलेला.
हो... तोच हॉकिंग."

तिकडून काय म्हणाले ते कळलं नाही.
पण त्यानं गाडीच्या किल्ल्या खिशात घातल्या,
पुन्हा बादलीवर बसला,
ओल्या कोथिंबिरीची एक काडी जाळीतून आत धरून,
आणि हलला नाही.
ज्या माणसाला माझ्या शाळेच्या कार्यक्रमात
दहा मिनिटं बसवत नसे.

कधीतरी, तीनच्या पुढे,
लप. लप. लप.
एवढासा आवाज.
बाप ओठ हलवून मोजत होता,
मला वाटतं, शंभराच्या वर गेला.

सकाळी न्याहारीच्या टेबलावर,
माझ्या टोस्टच्या शेजारी,
त्यानं तळहात उघडला. सात.
"वाटाण्याएवढ्या," म्हणाला,
"कागदावर लिहून ठेव, ती विचारेल."

काल कुंपणाबाहेर, गळक्या नळापाशी
एक रानससा आला. खराखुरा, काटक, मातकट.
बापानं पायरीवरून पाहिलं.
बंदूक आणायला उठला नाही.
नळ दुरुस्त करतो म्हणाला होता, तोही केला नाही.
पण गाजरांची ती गोणी अजून शेडमध्ये आहे,
तोंड बांधलेली.
मी विचारलं नाही.
तो वाडगं विसळत होता.